सांडपाण्याच्या तळ्यातले जंतू कमी करताना: टीसीएल कुठे, किती आणि केव्हा

गॅस्ट्रोची साथ आली की आपल्याकडे सगळ्यांना आधी टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, आठवतं. विहिरीत टाकतात, पाण्याच्या टाकीत टाकतात, गटारांच्या कडेला फक्की मारतात. अशाच एका पावसाळ्यात एका छोट्या शहरात सांडपाण्याच्या तळ्यातही पंचवीस-पंचवीस किलोची चाळीस पोती ओतली गेली. मला बोलावणं आलं ते आठव्या दिवशी. बांधावर पोचलो तर हिरवंगार असायला हवं ते पाणी ओल्या राखेसारखं करडं पडलेलं. मधूनच बुडबुडे यायचे आणि त्यांच्याबरोबर गाळाचे काळे गोळे वर येऊन फुटायचे. कुजक्या अंड्यांचा वास पार डांबरी रस्त्यापर्यंत. पंपावरचे काका म्हणाले, "साहेब, एवढी पोती ओतली, पण वास जायचा सोडून दुप्पट झाला."

बाहेर पडणाऱ्या पाण्याचा नमुना तपासला. विष्ठेतले जंतू पहिल्यापेक्षा जास्तच निघाले. एक टन पावडर वाया गेली होतीच, शिवाय जे तळं गेली कित्येक वर्षं फुकटात जंतू मारत होतं तेही बंद पडलं होतं.

त्या दिवसापासून नगरपरिषद असो, आश्रमशाळा असो की कारखान्याची वसाहत, मी सगळ्यांना आधी एकच गोष्ट सांगतो. चालत्या तळ्यात जंतुनाशक टाकायचं नाही. तळ्यातून बाहेर पडणाऱ्या पाण्याला टाकायचं, तेही तळ्याचं काम पूर्ण झाल्यावर, मोजून. ते कसं करायचं ते इथे पायरीपायरीने लिहितो.

तळं जंतू कसे मारतं, ते आधी समजून घ्या

गटारातून येणाऱ्या कच्च्या सांडपाण्यात १०० मिलिलिटरमागे विष्ठेतले कोलिफॉर्म जंतू दहा लाखांपासून दहा कोटींपर्यंत असतात. स्थिरीकरण तळ्यांची नेहमीची रचना तीन टप्प्यांची. पहिलं २ ते ५ मीटर खोल, बिनहवेचं. तिथे घाण खाली बसते आणि कुजते. दुसरं साधारण दीड मीटर खोल, वर शेवाळ आणि खाली गाळ असलेलं. शेवटची एक किंवा अनेक उथळ तळी, मीटर-सव्वा मीटरची, ती खास जंतू मारण्यासाठी. भांडुप, घाटकोपर आणि वर्सोव्याला मुंबई महापालिकेने वापरलेली लगून, म्हणजे सांडपाण्याची तळी, यंत्राने हवा घालायची होती. त्यांचं तंत्र वेगळं, पण जंतुनाशक द्यायचं झालं तर ते शेवटच्या टप्प्यावर, हे अशा तळ्यांनाही लागू.

उथळ तळ्यात शेवाळ दिवसभर पाण्यातला कर्बवायू खातं. त्यामुळे दुपारी पाण्याचा पीएच ९ च्या वर जातो आणि विष्ठेतले जंतू तिथे तग धरत नाहीत. त्यात ऊन आणि विरघळलेला प्राणवायू. हे तिन्ही मिळून जंतूंचा फडशा पाडतात. टीसीएल ओतलं की सगळ्यात आधी मरतं ते शेवाळ. ते मेलं की प्राणवायू संपतो, पीएच खाली येतो, मेलेलं शेवाळ सडायला लागतं. आणि गटारातून नवे जंतू तर रोज येतच असतात. चाळीस पोत्यांनी नेमकं हेच केलं होतं.

पहिली पायरी: रंग, वास, गाळ

सकाळी आठला एकदा आणि दुपारी तीनला एकदा बांधावरून फेरी मारा. गडद हिरवं, चकाकणारं पाणी म्हणजे तळं ठणठणीत. करडं किंवा काळं पाणी म्हणजे प्राणवायू संपलाय. गुलाबी-जांभळट छटा आली तर तळ्यावर भार जास्त झालाय. गंधकावर जगणारे जांभळे जंतू माजले की तसा रंग येतो. त्या अवस्थेत पाण्यात सल्फाइड असतं. एक मिलिग्रॅम सल्फाइड पुरतं संपवायला आठ-साडेआठ मिलिग्रॅम क्लोरीन खर्ची पडतं. म्हणजे वास मारणाऱ्या पाण्याला क्लोरीन देणं म्हणजे जंतूंच्या वाट्याचं औषध वासाला पाजणं. आधी वास घालवा, मग क्लोरीनचं बघा.

गाळ मोजायला काही लागत नाही. लांब बांबूला पांढरं जुनं पंचाचं कापड गुंडाळा, तळापर्यंत सरळ घाला, मिनिटभर थांबा आणि हळू वर काढा. जिथपर्यंत कापड काळं, तिथपर्यंत गाळ. दहा-बारा ठिकाणी मोजा, मैलापाणी आत येतं त्या तोंडापाशी जरा जास्त. पहिल्या तळ्यात गाळ खोलीच्या एक तृतीयांशापर्यंत आला असेल तर तो काढल्याशिवाय पुढच्या पायऱ्यांवर पैसे घालू नका. होडीतून किंवा बांधावरून मोजताना एकटं कुणी जायचं नाही. कमरेला दोर हवा आणि दुसरं टोक धरणारा माणूस बांधावर हवा.

दुसरी पायरी: पाणी आडवाटेने पळतंय का?

मला विचाराल तर या पायरीत जितका फायदा आहे तितका कुठल्याच रसायनात नाही. मैलापाणी ज्या कोपऱ्यातून आत येतं, त्याच बाजूच्या कोपऱ्यातून बाहेर पडत असेल, तर कागदावर दहा दिवस राहणारं पाणी प्रत्यक्षात दोन दिवसांत निसटतं. वारा नसलेल्या सकाळी तोंडापाशी वीस-पंचवीस लिंबं सोडा आणि घड्याळ लावून बसा. लिंबं तरंगतात, त्यामुळे त्यांच्यावरून वरच्या थराचीच वाट कळते, पण तेवढ्यानेही डोळे उघडतात. एका ठिकाणी सकाळी नऊला सोडलेली लिंबं दुपारच्या जेवणाआधी आऊटलेटच्या जाळीला येऊन लागली होती.

जुन्या ताडपत्रीचे, पॉलिथिनचे किंवा मातीच्या आडव्या बांधाचे पडदे घालून पाण्याला नागमोडी फिरवा. जमलं तर एक मोठं तळं तीन भागांत तोडा. यामागचं गणित साधं आहे. तळ्यांच्या आखणीत जंतू मरण्याचा वेग २० अंशांना दिवसाला २.६ धरतात आणि दर अंशाला तो १.१९ पट वाढतो, म्हणून २५ अंशांना तो ६.२ होतो. दहा दिवसांचं एकच सलग तळं असेल तर हिशेबाने जंतू ६३ पट कमी होतात. तेच पाणी, तीच जागा, तेच दहा दिवस. फक्त तीन सारख्या तळ्यांत एकामागून एक फिरवलं तर घट दहा हजार पटींच्या घरात जाते. प्रत्यक्षात वारा, गाळ आणि आडवाटांमुळे एवढं मिळत नाही. पण फरकाचा अंदाज यावरून येतो. जेसीबीचं दोन दिवसांचं भाडं काही वर्षांची पावडर वाचवू शकतं.

आऊटलेटचा पाइपही बघा. वरचा हिरवा थर आणि तवंग आत ओढला जाऊ नये म्हणून पाणी पृष्ठभागाच्या फूट-दीड फूट खालून घ्या आणि पाइपाभोवती साय अडवणारी फळी लावा. पाण्याबरोबर जितकं कमी शेवाळ बाहेर येईल तितकं क्लोरीन वाचेल.

तिसरी पायरी: पाणी मोजा

"दिवसाला अंदाजे दोन पोती" हे वाक्य मी अजूनही ऐकतो. किती पाण्याला, हे मात्र कुणालाच सांगता येत नाही. आऊटलेटच्या नालीत ९० अंशांची व्ही-नॉच पट्टी, म्हणजे इंग्रजी व्हीच्या आकाराची खाच कापलेली पट्टी, बसवा. लोखंडी पत्र्याची चालेल, पण कड धारदार हवी. खाचेच्या टोकापासून पाण्याची उंची मोजायची ती पट्टीपाशी नाही, थोडी मागे, जिथे पाण्याची पातळी अजून खाली वाकलेली नसते तिथे. उंची १० सेंटिमीटर असेल तर सेकंदाला सुमारे ४.४ लिटर, १२ असेल तर ६.९ आणि १५ असेल तर १२ लिटर. उंची दीडपट झाली की पाणी जवळजवळ पावणेतीन पट होतं, म्हणून नजरेच्या अंदाजावर जाऊ नका.

पुढच्या हिशेबासाठी आठ हजार वस्तीचं गाव धरू. माणशी ८० लिटर सांडपाणी धरलं तर दिवसाला ६ लाख ४० हजार लिटर, म्हणजे ६४० घनमीटर.

चौथी पायरी: कोणतं रसायन घ्यायचं

छोट्या गावांना खरे पर्याय दोनच: टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर आणि सोडियम हायपोक्लोराइट. सिलिंडरमधला क्लोरीन वायू स्वस्त पडतो, पण गळतीची जबाबदारी पेलणारं प्रशिक्षित माणूस चोवीस तास हजर नसेल तर त्याच्या वाटेला जाऊ नये. पेरअॅसेटिक आम्ल चांगलं काम करतं. पण ते महाग, आणि लहान गावांत सहज मिळत नाही.

ताज्या टीसीएलमध्ये क्लोरीन तीस-तेहतीस टक्के असतं. पोतं फुटलं, ओल लागली, महिने गेले की ते उतरत जातं. आरोग्य विभाग पिण्याच्या पाण्यासाठी २० टक्क्यांखालचं टीसीएल बाद धरतो. इथेही तोच नियम ठेवा आणि प्रत्येक नव्या मालाची टक्केवारी प्रयोगशाळेतून काढून घ्या. पोत्यावरचा छापील आकडा हिशेबात धरायचा नाही. पोती जमिनीला टेकवून ठेवू नका. लाकडी फळ्यांवर, कोरड्या, हवेशीर खोलीत ठेवा. डिझेल, ग्रीस, तेलकट चिंध्या त्या खोलीत नकोत, आगीचा धोका असतो.

हायपोक्लोराइट द्रवरूप असतं, साधारण १० ते १२ टक्क्यांचं. त्याचा गाळ होत नाही आणि डोसिंग पंपाला ते सोपं जातं. पण पत्र्याच्या शेडखाली मे महिन्यात कॅन ठेवले तर त्याची ताकद झपाट्याने उतरते. पंधरा दिवसांपुरताच साठा करा.

एक गोंधळ मात्र फार जपा. एसटीपीवरची (सांडपाणी प्रक्रिया केंद्रावरची) माणसं सोडियम हायपोक्लोराइटला 'हायपो' म्हणतात. प्रयोगशाळेत आणि फोटोच्या जुन्या धंद्यात 'हायपो' म्हणजे सोडियम थायोसल्फेट. पहिलं क्लोरीन देतं, दुसरं क्लोरीन मारतं. मागणीपत्रावर नुसतं 'हायपो' कधी लिहू नका, पूर्ण नाव लिहा.

पाचवी पायरी: बादल्यांची चाचणी

किती मात्रा लागेल हे कुठल्याही पुस्तकातून ठरत नाही. प्रत्येक तळ्याच्या पाण्याची क्लोरीनची भूक वेगळी असते आणि ती ऋतूप्रमाणे बदलते. चाचणीला अर्धी सकाळ पुरते.

समजा टीसीएल २५ टक्क्यांचं निघालं. त्यातलं ४ ग्रॅम काट्यावर तोलून घ्या, थोड्या पाण्यात घोटून पातळ खळ करा आणि एक लिटरपर्यंत भरा. या द्रावणाच्या प्रत्येक मिलिलिटरमध्ये एक मिलिग्रॅम क्लोरीन आलं. आता प्लास्टिकच्या सहा बादल्यांत तळ्याच्या आऊटलेटचं प्रत्येकी १० लिटर पाणी घ्या. त्यांत द्रावण घाला ४०, ६०, ८०, १००, १२० आणि १५० मिलिलिटर. म्हणजे मात्रा झाली ४, ६, ८, १०, १२ आणि १५ मिलिग्रॅम प्रतिलिटर. लाकडी दांड्याने अर्धा मिनिट ढवळा, वर झाकण ठेवा, सावलीत अर्धा तास जाऊ द्या.

मग प्रत्येक बादलीतलं उरलेलं क्लोरीन मोजा. गावातले जलसुरक्षक नळाच्या पाण्यासाठी ओटी (ऑर्थोटोलिडीन) वापरतात. थेंब टाकले की पिवळा रंग येतो. सांडपाण्याला ती चाचणी नको. त्या रसायनाबद्दल कर्करोगाचा संशय आहे, शिवाय असल्या पाण्यात तिचं वाचन फसवं येतं. डीपीडी गोळी वापरा, गुलाबी रंग येतो. मोजायचं ते एकूण क्लोरीन, फक्त मुक्त नाही. सांडपाण्यात अमोनिया असतो, त्यामुळे घातलेलं बहुतेक क्लोरीन क्लोरामाइनच्या रूपात अडकतं. क्लोरामाइनही जंतू मारतं, पण सावकाश. मुक्त क्लोरीन टिकवायचं ठरवलं तर अमोनियातल्या नायट्रोजनच्या आठ ते दहा पट क्लोरीन ओतावं लागेल. एवढा खर्च गावाला परवडत नाही आणि त्याची गरजही नाही.

गुलाबी रंग येऊन लगेच उडाला तर क्लोरीन नाही असं समजू नका. क्लोरीन फार जास्त झालं की ते डीपीडीचा रंगच खाऊन टाकतं. तोच नमुना स्वच्छ पाण्याने दहा पट पातळ करून पुन्हा मोजा.

अर्ध्या तासानंतर ज्या बादलीत ०.५ ते १ मिलिग्रॅम एकूण क्लोरीन उरलं असेल ती तुमची सुरुवातीची मात्रा. त्या बादलीतला नमुना जंतूंच्या तपासणीला पाठवा आणि शंका असेल तर तिच्या पुढच्या बादलीतलाही. ठीकठाक चालणाऱ्या तळ्याला माझ्या अनुभवात ५ ते १० मिलिग्रॅम लागतं. शेवाळ फार असेल तर १५ च्या पुढे. १५ नेही भागत नसेल तर मात्रा वाढवू नका, दुसऱ्या पायरीकडे परत जा.

सहावी पायरी: संपर्काची नाली

क्लोरीनला काम करायला वेळ लागतो. पाइपच्या तोंडावर थेंब सोडून पाणी थेट ओढ्यात गेलं तर क्लोरीन जंतू मारण्याऐवजी ओढ्यातले मासे मारतं. गर्दीच्या वेळच्या प्रवाहालाही किमान ३० मिनिटं मिळायला हवीत.

आपल्या गावाचा सरासरी प्रवाह ताशी २६.७ घनमीटर. तळी चढउतार बऱ्यापैकी पचवतात, म्हणून गर्दीचा प्रवाह दीडपट, ताशी ४० धरू. अर्ध्या तासाला २० घनमीटर लागतील. चौकोनी टाकी बांधू नका, तिच्यात पाणी मधूनच पळतं आणि कोपऱ्यांत शेवाळ साचतं. पाऊण मीटर रुंद, ९० सेंटिमीटर पाणी राहील अशी, ३० मीटर लांब नाली बांधा आणि ती सापासारखी घडी घालून एका छोट्या जागेत बसवा. लांबी रुंदीच्या चाळीस पट झाली आणि घनफळ २० च्या किंचित वर. तळाशी गाळ काढायची झडप ठेवा आणि शक्य असेल तर दोन नाल्या करा, म्हणजे एक धुताना दुसरी चालेल. वर झाकण किंवा सावली हवी. उन्हात क्लोरीन उडतं आणि भिंतींवर शेवाळ चढतं.

सातवी पायरी: द्रावण आणि धार

बादलीने ८ मिलिग्रॅम सांगितलं असं समजा. ६४० घनमीटरला रोज ५.१२ किलो क्लोरीन लागेल. २५ टक्क्यांच्या टीसीएलचे साडेवीस किलो, किंवा लिटरमागे १०० ग्रॅम क्लोरीन असलेल्या सोडियम हायपोक्लोराइटचे ५१ लिटर.

तेवढ्या टीसीएलपासून एक टक्का क्लोरीनचं द्रावण करायला सुमारे ५१२ लिटर पाणी लागतं. दोन प्लास्टिकच्या टाक्या ठेवा. वरच्या टाकीत पावडर घोटायची आणि निवळायला रात्रभर ठेवायची. वरचं निवळ पाणी खालच्या टाकीत घ्यायचं आणि तिथून धार सोडायची. तळाचा चुनकट गाळ धारेत येऊ दिला तर दोन दिवसांत नळी तुंबते. माझ्या पाहण्यात बंद पडलेल्या डोसिंगचं सगळ्यात मोठं कारण हेच. त्या गाळातही थोडं क्लोरीन असतं, म्हणून तो एकदा धुऊन घ्या आणि ते पाणी दुसऱ्या दिवशीच्या मिश्रणात वापरा.

धार मिनिटाला ३५६ मिलिलिटर हवी. एक लिटरचं माप धारेखाली धरा; ते २ मिनिटं ४९ सेकंदांत भरलं पाहिजे. हे रोज दोनदा करा, घड्याळ बघून. टाकी रिकामी होते तशी साध्या नळाची धार बारीक होत जाते, म्हणून मध्ये तरंगत्या झडपेची छोटी टाकी बसवा, तिच्यातली पातळी कायम राहते. धार पडायची जागा खळाळत्या पाण्यात हवी, व्ही-नॉचच्या लगेच खाली. तिथे पाणी आपोआप घुसळलं जातं.

पावडर हाताळताना रबरी हातमोजे, डोळ्यांवर बंद चष्मा, तोंडावर मास्क आणि वाऱ्याकडे पाठ. आधी पाणी, मग पावडर, थोडी थोडी. तुरटीचं द्रावण, फिनेल, संडास धुण्याचं आम्ल यांचा टीसीएलच्या भांड्याशी संबंध येता कामा नये, विषारी वायू सुटू शकतो. जलतरण तलावाच्या टीसीसीए गोळ्या आणि टीसीएल एकाच डब्यात कधीही नकोत. त्यातून स्फोट होऊ शकतो. डोळ्यांत उडालं तर पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याने धुवत राहायचं आणि मग दवाखाना.

आठवी पायरी: उरलेलं क्लोरीन काढा

पाणी उसाला किंवा झाडांना जात असेल तर एक मिलिग्रॅम क्लोरीन वाटेतल्या पाटात बहुतेक उडून जातं. ओढ्यात किंवा नदीत जात असेल तर मात्र ते काढलंच पाहिजे. मिलिग्रॅमचे शंभरावे भागही माशांना घातक ठरतात. सोडियम मेटाबायसल्फाइट एक भाग क्लोरीनला १.३४ भाग लागतं. लिटरला एक मिलिग्रॅम उरलं असेल तर आपल्या ६४० घनमीटरला ८६० ग्रॅम, व्यवहारात किलोभर. त्याची धार नालीच्या अगदी शेवटी सोडायची. त्याला मिनिटभर पुरतो. जास्त टाकलं तर पाण्यातला प्राणवायू कमी होतो, म्हणून इथेही मापच. दम्याच्या माणसाला या पावडरीपाशी उभं करू नका आणि ती टीसीएलच्या खोलीत ठेवू नका.

नववी पायरी: नमुना

निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेतूनच आणा आणि आणताना सांगा की नमुना क्लोरीन दिलेला आहे. ते बाटलीत थोडं थायोसल्फेट घालून देतात. ते नसेल तर बाटलीतल्या क्लोरीनचं काम वाटेतही चालू राहतं आणि निकाल खोटाच चांगला येतो. बाटली थायोसल्फेटसकट तशीच भरा, आधी विसळू नका, वर थोडी जागा सोडा. बर्फाच्या पेटीत ठेवून सहा तासांच्या आत पोचवा.

ऑक्टोबर २०१७ च्या केंद्राच्या अधिसूचनेत सांडपाणी प्रक्रिया केंद्रांसाठी विष्ठेतल्या कोलिफॉर्मची मर्यादा १०० मिलिलिटरमागे १००० पेक्षा कमी अशी आहे. राष्ट्रीय हरित लवादाने ३० एप्रिल २०१९ च्या आदेशात ती २३० पर्यंत खाली आणायला सांगितलं. तुमच्या बाबतीत प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतिपत्रातला आकडा धरा.

जंतूंचा निकाल चांगला आला म्हणून पाणी भाजीपाल्याला द्यायला लगेच हो म्हणू नका. जंतांच्या अंड्यांना क्लोरीन काही करत नाही. ती फक्त तळ्यात खाली बसूनच जातात, म्हणून तळ्यातले दिवस महत्त्वाचे. जागतिक आरोग्य संघटनेने १९८९ मध्येच कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पिकांसाठी दोन अटी घातल्या होत्या: १०० मिलिलिटरमागे कोलिफॉर्म १००० पेक्षा जास्त नकोत आणि जंतांचं अंडं लिटरमागे एकापेक्षा जास्त नको. कोथिंबीर-मेथीवाल्या शेतकऱ्याला हे समोर बसून सांगा. "मामा, ऊस, गजराज गवत, झाडं यांना खुशाल द्या, पालेभाजीला विहिरीचंच द्या."

तुरटी आणि चुना

तुरटी तळ्याला चालते, पण फक्त शेवटच्या तळ्याला आणि तेही त्याचा प्रवाह थांबवून. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात हिवाळाभर साठवलेलं लगूनचं पाणी सोडण्याआधी मोटरबोटीतून तुरटीचं द्रावण सोडतात. पंख्याच्या घुसळणीने ते मिसळतं. तिथे मुख्य हेतू फॉस्फरस काढण्याचा असतो. पण शेवाळ आणि त्याला चिकटलेले जंतूही खाली बसतात. आपल्याकडे शेवटची दोन तळी असतील तर आलटून पालटून हे करता येतं: एक भरत असतं तेव्हा दुसऱ्यात तुरटी द्यायची, दोन-तीन दिवस निवळू द्यायचं आणि वरचं निवळ पाणी संपर्क नालीकडे सोडायचं. मात्रा पुन्हा बादल्यांनीच ठरवायची. लिटरला १०० ते २०० मिलिग्रॅमच्या दरम्यान बघायला सुरुवात करा. पीएच ६.५ च्या खाली जाऊ देऊ नका.

चुना पाण्यासाठी वापरू नका. पीएच ११ च्या वर नेऊन जंतू मरतात हे खरं, पण मग ते पाणी पुन्हा खाली आणायला आम्ल लागतं आणि गाळाचा डोंगर होतो. चुन्याची खरी जागा उपसलेल्या गाळात आहे. विरवलेला चुना गाळात नीट कालवून पीएच १२ वर किमान दोन तास टिकवला की जंतू मोठ्या प्रमाणात मरतात आणि माशाही बसत नाहीत. कळीचा चुना तिथेच विरवत असाल तर लहान मुलं आणि जनावरं लांब ठेवा. उकळी फुटते आणि शिंतोडे भाजतात.

पोती आधीच ओतली असतील तर

त्या शहरात आम्ही काय केलं ते सांगतो. टीसीएल त्याच दिवशी बंद केलं. पाण्यात क्लोरीन उरलेलं नव्हतं, ते आधी डीपीडीने पाहून घेतलं. पडदे घालायला पैसे नव्हते, पण शेवटचं छोटं तळं अजून हिरवं होतं, हे नशीब. शेतकऱ्याचा पाच अश्वशक्तीचा डिझेल पंप भाड्याने आणला आणि ते हिरवं पाणी रात्रंदिवस मधल्या तळ्याच्या तोंडाशी परत सोडलं. हे शेवाळाचं विरजण. निम्मं मैलापाणी नव्या नालीने पहिल्या तळ्यातून थेट तिसऱ्यात वळवलं, म्हणजे मेलेल्या तळ्यावरचा भार हलका झाला. तळाचे गोळे वर येत होते ते बांबूच्या जाळीने रोज बाहेर काढले.

सतराव्या दिवशी काकांचा फोन आला, कडेला हिरवी झाक दिसते म्हणून. पाचव्या आठवड्यात दुपारचा पीएच ८.९ झाला. संपर्क नाली पुढच्या उन्हाळ्यात बांधली. तिच्या वहीचं पहिलं पान काकांनी स्वतः आखलं: तारीख, नॉचची उंची, मापाचे सेकंद, उरलेलं क्लोरीन, तळ्याचा रंग. शेवटचा रकाना त्यांनीच वाढवला होता, 'वास'.